पहिली क्रूझ आणि बाबांची औषधं

आम्ही इंदूरचे. नर्मदेचं पाणी नळाला येतं, समुद्र मात्र सुट्टीपुरता. बाबांनी आजवर तो किनाऱ्यावरूनच पाहिलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत मी मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची क्रूझ बुक केली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पोहता कुणालाच येत नाही, आणि जहाजावर कशाला?" आईने मात्र लगेच विचारलं, "गोव्यात मंगेशीचं दर्शन होईल का रे?" लतादीदींचा जन्म आमच्या इंदूरचा आणि त्यांचं आडनाव त्या मंगेशी गावावरून आलेलं, म्हणून आईला त्या देवळाची फार ओढ.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. लगेच एक्सेल शीट तयार केली. तिकिटं, ओळखपत्रं, कपडे, सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या. आणि तरीही पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून अशी चूक झाली की आठवली तरी पोटात गोळा येतो.

बॅलार्ड पिअरला पोहोचल्यावर मोठ्या बॅगा टर्मिनलवरच द्यायच्या असतात. केबिनचा नंबर लिहिलेली पट्टी लावली की बॅगा वेगळ्या जातात, आपण वेगळे. त्या केबिनच्या दाराशी येतात, पण काही तासांनी. आम्ही दुपारी चढलो, जेवलो, लेकीने तेवढ्यात दोन डेक पालथे घातले. संध्याकाळी सात वाजता बाबा म्हणाले, "माझी बॅग आली का? इन्सुलिन घ्यायचंय."

इन्सुलिनचं पेन मोठ्या बॅगेत होतं. साखर मोजायचं मशीनही त्यातच. ती बॅग मीच भरली होती.

बाकीच्या बॅगा आल्या, तीच नाही. साडेसात झाले, आठ झाले. बाबा पलंगावर शांत बसून होते. "मी जेवत नाही, तुम्ही जाऊन या," म्हणाले. जहाजावरच्या दवाखान्यात चला म्हटलं तर "उगाच खर्च." शेवटी आईने डोळे वटारले तेव्हा उठले. डॉक्टरांनी साखर तपासली आणि घाबरण्यासारखं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दरम्यान केबिन सांभाळणाऱ्या मुलाने शोध लावला. आमची बॅग तपासणीत अडवून ठेवली होती, कारण आत एक्स्टेन्शन बोर्ड होता. सगळ्यांचे फोन एकदम चार्ज व्हावेत म्हणून मी मोठ्या हुशारीने ठेवलेला! आगीच्या भीतीने जहाजावर तो, इस्त्री, पाण्याची किटली असल्या वस्तू चालत नाहीत. नियम तिकिटाबरोबर आलेल्या कागदात होता. मी तो वाचला नव्हता. बोर्ड त्यांच्याकडे राहिला, बॅग मिळाली, बाबा नऊ वाजता जेवले.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच. औषधं, चष्मा, ओळखपत्रं, मुलांचा एक कपड्यांचा जोड आणि फोनचा चार्जर हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा आणि ती कुणाच्या हाती देऊ नका. औषधं दोन दिवसांची जास्त घ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही. समुद्रात कोपऱ्यावर मेडिकल स्टोअर नसतं, आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिल सहसा वेगळं लागतं.

दुसरं, जहाज सुटण्याच्या दिवशीच शहरात पोहोचायचा हिशेब करू नका. आम्ही अवंतिकेने एक दिवस आधी मुंबईत उतरलो. रेल्वे उशिरा आली तर जहाज थांबत नाही. ओळखपत्रावरचं आणि बुकिंगमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हेही घरीच पाहा.

केबिन निवडताना नुसता दर पाहू नका. जहाज सगळ्यात कमी हलतं ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. पुढच्या टोकाची, उंचावरची केबिन फोटोत छान दिसते, पण बोट लागणाऱ्यांचे तिथे हाल होतात. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि सूर्यास्त उजव्या हाताला, परतताना उलट. बाल्कनीचे पैसे मोजणार असाल तर हे आधी ठरवा.

बोट लागणं म्हणजे काय, तर आतला कान सांगतो की आपण हलतोय आणि केबिनच्या भिंती पाहणारे डोळे सांगतात की नाही. परतीच्या रात्री आईला तेच झालं. तिला उघड्या डेकवर नेलं, दूरवर नजर ठेवायला सांगितलं, थोडं हलकं खायला दिलं. अर्ध्या तासात बरं वाटलं. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, आणि इतर औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

जहाजावर चढल्यावर सुरक्षेचा सराव घेतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की ठरलेल्या जागी जमायचं. बरेच लोक त्या वेळी सेल्फी काढत असतात. 2012 साली इटलीत गिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटलं आणि 32 जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तेव्हा झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला. आता सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावाच लागतो. पोहता येत नाही म्हणणाऱ्या माझ्या बाबांनी तो सगळ्यात लक्ष देऊन पाहिला.

खर्चाचंही आधी विचारून घ्या. तिकिटात केबिन, मुख्य जेवण आणि कार्यक्रम येतात. बंदराचं शुल्क, कर, खास रेस्टॉरंट, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुतेक वेळा वेगळ्या. मोबाइल मात्र किनारा सुटताच फ्लाइट मोडवर टाका. जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला तर बिल पाहून खरंच चक्कर येईल.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागलं. हातात दिवसाचे मोजके तास. माझ्या शीटमध्ये पाच ठिकाणं होती. आदल्या रात्रीनंतर मी चार खोडली. टॅक्सी आधीच ठरवलेली होती, सरळ मंगेशीला गेलो. आईने सावकाश दर्शन घेतलं, बाबा दीपमाळेजवळच्या सावलीत बसले, वेळेवर जेवले, आणि जहाजावर परत बोलावलेल्या वेळेच्या दीड तास आधी आम्ही बंदरात होतो. ती वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते, आणि उशीर झालेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाच्या वेळा आधी लिहा, मग सहल तिच्याभोवती बसवा. माझ्या शीटमध्ये हा रकानाच नव्हता.

परतल्यावर बाबांनी सराफ्यात मित्रांना जहाजाच्या गोष्टी सांगितल्या. इन्सुलिनचा विषय त्यात कुठेच नव्हता. घरी आल्यावर मला मात्र म्हणाले, "पुढच्या वेळी लक्षद्वीपला जाऊ. बॅग मी भरतो."

तिथे जहाज सहसा धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरावं लागतं, आणि त्यांचे गुडघे दुखतात. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी त्यांच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांना विचारणार आहे.