मामा, आत सोडतील का?

मुंबईतलं काम लवकर आटपलं म्हणून भाच्याला घेऊन फोर्टात चित्रप्रदर्शनांच्या उद्घाटनांना गेलो. पोरगा एटीडी करतोय. जहांगीरमध्ये बिनधास्त शिरला, पण प्रेस्कॉट रोडवर क्वीन्स मॅन्शनखाली थबकला. "मामा, आत सोडतील का?" वर तिसऱ्या मजल्यावर केमोल्ड. १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झालेली गॅलरी. तिकीट नाही, पास नाही. कुणी काही विचारलं नाही. पोरगा एका चित्रासमोर अर्धा तास उभा!

दुसऱ्या एका ठिकाणी मराठीत एक ओळ नव्हती, ते खटकलंच. पण आपल्या गावचं काय? नगरपालिकेच्या कलादालनात सध्या मंडपाच्या खुर्च्या रचल्यात. चावी कुणाकडे विचारलं तर शिपाई म्हणतो, "साहेबांना माहीत." सोमवारी साहेबांकडे जातोय. भाचाही येतोय.