एका घरातल्या दोन उपासना

आमचं लग्न ठरलं तेव्हा ऑफिसातले लोक म्हणाले, मुलगा ख्रिस्ती, मुलगी ख्रिस्ती, मग अडचण कसली? अडचण होती. मी नगरची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेली. नवरा वसईचा कॅथलिक. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसतही नाही, पण आमच्या दोन्ही घरांत त्यावरून रात्री जागवल्या गेल्या.

नगरचं आमचं ख्रिस्तीपण १८३१ साली तिथे आलेल्या अमेरिकन मराठी मिशनपासूनचं. घरात पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं, रात्री शास्त्रपाठ, भिंतीवर एखादं वचन. मूर्ती नाही, तसबीर नाही. वसईचं ख्रिस्तीपण त्याच्याही कितीतरी आधीचं, पोर्तुगीज अमलातलं. तिथे गल्लीच्या तोंडाशी क्रूस, घरात वेदी, तिच्यावर पवित्र मारियेची मूर्ती आणि संध्याकाळ झाली की जपमाळ. माझ्या आईला त्या मूर्तीचीच धास्ती होती.

कॅथलिक नियमाप्रमाणे अशा लग्नाला बिशपांची परवानगी घ्यावी लागते. कॅथलिक बाजूच्या माणसाला वचन द्यावं लागतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून माझ्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्या बाजूला या वचनाची आधीच कल्पना दिली जाते. ते ऐकताना पप्पांचा चेहरा उतरला. आयुष्यभर मंडळीत पेटी वाजवलेला माणूस. त्यांनी फादरांना सरळ विचारलं, "म्हणजे नातवंडं आमची नाहीत का?" फादर शांतपणे म्हणाले, "तुमच्या मुलीचा बाप्तिस्मा आम्ही खरा मानतो. म्हणून तर तिला पुन्हा बाप्तिस्मा देत नाही." त्या उत्तराने पप्पा निवळले. घरी आल्यावर त्यांनी मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून दिली. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पावलांनी त्या श्रद्धेत आल्या. "तुला कुणी ओढायचं नाही आणि तू कुणाला ओढायचं नाहीस," पप्पा म्हणाले. सासरी जाताना मला मिळालेला हा सर्वांत मोलाचा आहेर.

खरं दुखतं ते रविवारी. मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारायची वेळ येते, बाक रिकामे होत जातात, सासूबाई उठतात, नवरा उठतो, आणि मी बसून राहते. नगरला गेलो की उलटं. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला त्याला कुणी अडवत नाही, पण त्याच्या चर्चचा नियम त्याला अडवतो, म्हणून तो बसून राहतो. ज्या माणसाबरोबर मी रोज एका ताटात जेवू शकते, त्याच्याबरोबर प्रभूच्या मेजाशी बसू शकत नाही. यामागची कारणं मी वाचली आहेत, ती मला समजतात, त्या नियमांचा मी मानही राखते. पण वेदना कमी होत नाही, आणि ती कमी व्हावी असं मला वाटतही नाही. तिची सवय झाली तर एकीसाठी प्रार्थना करायला माझ्याजवळ उरेल काय?

घरातली गोष्ट वेगळी. सुरुवातीला जपमाळेच्या वेळी मी नुसती बसून असे. मारियेची प्रार्थना माझ्या तोंडी नव्हती, सासूबाईंनी कधी आग्रहही केला नाही. प्रभूची प्रार्थना आली की मात्र मी मोठ्याने म्हणायची. ती कॅथलिक घरात जिथे थांबते, तिथे आमची थांबत नाही. देवाच्या राज्याचं, सामर्थ्याचं नि गौरवाचं शेवटचं कडवं आम्ही लागलीच जोडतो. मिस्सेत तेच शब्द थोड्या वेळाने येतात, पण जपमाळेत येत नाहीत. मी ते हळू आवाजात एकटीच पुरं करायची. एका संध्याकाळी सासूबाई मणी बोटात धरून थांबल्या. म्हणाल्या, "तुझं पुरं होऊ दे, मग पुढे जाऊ." तेव्हापासून आमच्याकडे सगळेच थांबतात. चर्चच्या एकीवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, या एका वाक्याच्या तोडीचं त्यांत काही नव्हतं.

आणि भांडणं? ती होतातच. वाडीचा तुकडा बिल्डरला द्यायचा की नाही, यावरून आमच्यात मोठा अबोला झाला होता. केळीची, तोंडलीची ती वाडी सासऱ्यांनी राखलेली. मी विकायच्या विरुद्ध होते, नवऱ्याला कर्ज फेडायचं होतं. दिवसभर शब्द नाही. पण संध्याकाळी गुडघे एकाच चटईवर टेकायचे आणि म्हणायचं, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर. शेजारी ज्याच्यावर राग आहे तोच माणूस तेच म्हणतोय. ती ओळ खोटी म्हणता येत नाही. प्रार्थना संपली की तो विचारायचा, "चहा टाकू का?" प्रश्न लगेच सुटला नाही, पण बोलणं सुरू झालं. वाडी अजून आमचीच आहे. कर्ज आम्ही दोघांच्या पगारातून फेडतोय.

मुलीचा बाप्तिस्मा वसईत झाला, पप्पा-आई दोघंही हजर होते. आता ती सुट्टीत नगरला आजोबांच्या पेटीवर टिळकांची भजनं गाते आणि वसईत आजीजवळ बसून मणी मोजते. ही नेमकी कुणाची, असं अजूनही लोक विचारतात. ती ख्रिस्ताची आहे, एवढंच मी सांगते.

ज्यांची अशी लग्नं ठरत आहेत, त्यांना माझं सांगणं आहे: मुलांच्या बाप्तिस्म्याचा विषय साखरपुड्याआधी काढा, दोन्हीकडच्या आईवडिलांना समोर बसवून काढा, लपवू नका. आणि आमच्या पाळकांना नि फादरांना माझी विनंती आहे. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. त्या आठवड्यात एक तरी प्रार्थना आमच्यासारख्यांच्या घरी येऊन करा.