खळ्यावरचा दिवा आणि ट्रॅक्टरची बॅटरी

दिवाळी आटोपून गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की आमच्या भंडारा जिल्ह्यातला धानकरी घरी झोपेनासा होतो. कडपे वाळले की भारे बांधायचे, खळ्यावर पुंजणे रचायचे आणि मळणीयंत्राचा नंबर लागेपर्यंत त्या पुंजण्याजवळ रात्र काढायची. रानडुकरे आहेत, चोर आहेत. कोका, नागझिरा किंवा उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलाला लागून असलेल्या गावांना वाघ-बिबट्याची धास्ती आहे. शिवाय जुन्या वैरापोटी पुंजण्याला काडी लावणारेही आहेत, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पूर्वी जागलीला कंदील आणि शेकोटी असे. आता खळ्यावर ट्रॅक्टर उभा असतो, तेव्हा त्याच्याच बॅटरीला दोन वायरी लावून बांबूवर बल्ब टांगतात. रात्र उजेडात जाते आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसते 'टक्' वाजते.

"साहेब, बॅटरी बसली जी. रातभर लाईट लागून होता." हे वाक्य मी इतक्या खळ्यांवर ऐकले आहे की त्याचा हिशेब ठेवलेला नाही. बहुतेक वेळा त्यात हसण्यासारखेच असते. शेजारच्याचा ट्रॅक्टर आणतात, दोऱ्याने ओढतात, अर्धा दिवस वाया जातो, चहा होतो.

पवनी तालुक्यातल्या एका गावी मात्र हसण्यासारखे नव्हते. नवरा-बायको खळ्यावर झोपलेले. मध्यरात्रीनंतर बाई पाणी प्यायला उठली तर अंथरुणाच्या कडेला मण्यार सरकताना दिसला. पायाला बारीकशी खूण होती, दुखत काहीच नव्हते. मण्यार चावला की पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणूनच तो वाईट. थोरला मुलगा मोटारसायकल घेऊन शेजारच्या गावी नाटकाला गेलेला. १०८ ला फोन लागला, पण ती गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येणार आणि खळे तिथून दोन किलोमीटर आत, बांध्यांच्या वाटेवर. उरला ट्रॅक्टर. तो सुरू होईना. संध्याकाळपासून पुढचे दोन्ही दिवे जळत होते. आजूबाजूच्या खळ्यांवरची आठ-दहा माणसे आरोळी ऐकून धावली. नशिबाने ट्रॅक्टर मामा तलावाच्या पाळीवर उभा होता. सगळ्यांनी मिळून तो उतारावर लोटला, गिअर टाकला आणि इंजिन धरले. यात पाऊण तास गेला. बाई वेळेत दवाखान्यात पोचली, प्रतिविष मिळाले, ती वाचली. तलावाची पाळ नसती, सपाट बांधीत ट्रॅक्टर उभा असता, तर काय झाले असते ते मी त्या घरी कोणालाच विचारले नाही.

पुढे त्या गावात शेतकऱ्यांच्या बैठकीला गेलो, तेव्हा त्याच बाईने मला विचारले, "मंग दिवा लावूच नये का जी? दिवा होता म्हणून तर साप दिसला." प्रश्न रास्त होता. पुरुषमंडळी "रात्रभर लाईट कशाला पाहिजे" असे म्हणून मोकळी होतात, पण पहाटे उठून धान उफणणे, झाडणे, चूल पेटवणे हे बायांच्या वाट्याला येते. अंधारात चाचपडतात त्याही त्याच. दिवा हवाच. तो कोणत्या बॅटरीवर लावायचा, एवढाच प्रश्न आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी कशासाठी बनवलेली असते, हे आधी पाहू. शिशाच्या पत्र्यांची आणि आम्लाची ही बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली केली. मोटारीला हाताने हँडल मारण्याऐवजी बटणावर सुरू करण्याची सोय १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत आली आणि तेव्हापासून गाडीच्या बॅटरीचे मुख्य काम ठरून गेले: काही सेकंद जोराचा रेटा देणे. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर दोनशे-तीनशे अँपिअर प्रवाह खेचतो, पण तो पाचच सेकंद. साठ्याच्या हिशेबाने पाहिले तर एका स्टार्टला अर्धा अँपिअर-तासही लागत नाही. आपल्याकडे शंकरपटाचा बैल आणि नांगराचा बैल वेगळा असतो ना, तसेच हे आहे. ट्रॅक्टरची बॅटरी हा पटाचा बैल. त्याच्या आतले पत्रे पातळ, क्षणभर धावण्यासाठी केलेले. त्याला रात्रभर नांगराला जुंपले तर तो सकाळी धावणार नाही, आणि पुन्हापुन्हा जुंपले तर कायमचा बसेल. बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा पांढरा कठीण थर धरतो, तो पुढे चार्जिंगलाही दाद देत नाही. तीन-चार वर्षे टिकणारी बॅटरी मग दोन हंगामांतच बदलावी लागते.

आता हिशेब करू. शाळेतला वॅटचा आकडा १२ ने भागला की अँपिअर मिळतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या दोन दिव्यांत ५५ वॅटचे हॅलोजन असतील तर ११० वॅट, म्हणजे ९ अँपिअरच्या वर. नऊ तास लावले की ८० अँपिअर-तास झाले. तुमची बॅटरीच मुळी ८० च्या आसपासची! म्हणजे नवी बॅटरीसुद्धा तळापर्यंत रिकामी, जुनीची तर गोष्टच नको. सकाळी स्टार्ट घ्यायचा असेल तर बॅटरीतला चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा वापरावा आणि थांबावे. डिसेंबरच्या पहाटे तर त्याहूनही कमी, कारण थंडीत बॅटरीचा जोर घटतो आणि इंजिनातले तेल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो.

त्याच जागी १० वॅटचा, १२ व्होल्टवर चालणारा एलईडी लावा. तो एक अँपिअरही घेत नाही. नऊ तासांचे साडेसात अँपिअर-तास होतात. खळे उजळायला एवढा दिवा पुरतो. ट्रॅक्टरवरचा टेप आणि भोंगे मात्र या हिशेबात बसत नाहीत. कोणाच्या गाण्याच्या आवडीबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण काही पोरांच्या ट्रॅक्टरवर दिव्यापेक्षा गाणीच जास्त बॅटरी खातात.

कोणी म्हणतात, इंजिन चालू ठेवू. मंद गतीवर ट्रॅक्टर तासाला जवळपास लिटरभर डिझेल पितो आणि त्या गतीवर अल्टरनेटर पूर्ण चार्जिंगही देत नाही. दहा वॅटच्या दिव्यासाठी रात्रभर डिझेल जाळायचे आणि झोपलेल्या माणसांनी धूर खायचा, हा सौदा मला पटलेला नाही.

आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. मळणी चालू असते त्या दिवसांत बॅटरी सहसा बसत नाही, कारण दिवसभर ट्रॅक्टर यंत्र फिरवत असतो आणि रात्रीचा खर्च भरून निघतो. बॅटरी बसते ती नंतर. धान पोत्यांत भरून खळ्यावर पडलेले असते, बारदाना नाही म्हणून किंवा खरेदी केंद्रावर नंबर लागला नाही म्हणून आठ-आठ दिवस राखण चालते. ट्रॅक्टर जागचा हलत नाही आणि दिवा रोज जळतो. रोजचा थोडा थोडा खर्च, जमा काहीच नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी आभाळ येते, पोती हलवायची घाई होते आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर दगा देतो.

म्हणून त्या बाईला मी जे सांगितले तेच येथे लिहितो. ट्रॅक्टरच्या बॅटरीला हातच लावू नका. तुमच्या घरात दुसरी बॅटरी आहे, ती फवारणीच्या पंपात आहे. पाठीवरच्या बॅटरी-पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची किंवा १२ ची बॅटरी असते. पाच वॅटचा एलईडी तिच्यावर रात्रभर आरामात जळतो आणि तिच्यातला निम्मा साठा उरतो. सकाळी घरी नेऊन पंपाच्याच चार्जरवर लावायची. कापणीनंतर हा पंप अडगळीत जातो आणि बॅटरी न वापरता, न चार्ज करता मरून जाते. खळ्यावर कामाला लावली तर उलट जिवंत राहते. बैठकीत हे सांगितल्यावर दोघे-तिघे उठून घरी पंप पाहायला गेले, एवढे समाधान मला मिळाले.

ज्यांना जास्त उजेड हवा त्यांनी सोलरच्या दिव्याला लावतात तशी वेगळी बॅटरी घ्यावी. तिचे पत्रे जाड असतात, म्हणजे तो नांगराचा बैल. आणि अगदीच ट्रॅक्टरवरून दिवा घ्यायचा झाला तर शंभर-दोनशे रुपयांचा व्होल्ट दाखवणारा मीटर लावून घ्यावा. दिवा बंद करून थोड्या वेळाने पाहिल्यावर १२.६ च्या वर आकडा असला तर बॅटरी भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला निम्मी. १२.४ दिसले की दिवा काढायचा. सोलरच्या कंट्रोलरमध्ये आपोआप तोडण्याची सोय असते खरी, पण तो बहुधा ११ व्होल्टच्या आसपास तोडतो. सोलरच्या बॅटरीला ते चालते, ट्रॅक्टरला तोपर्यंत उशीर झालेला असतो.

वायरीबद्दल दोन शब्द, कारण खळ्यावर सगळीकडे तणस असते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर कुठे सोलली आणि दोन तारा भिडल्या तर फ्यूज जाईल, पुंजणे जाणार नाही. वायर बारीक घेऊ नका. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने वीस मीटरवर ५ अँपिअरचा दिवा लावला तर वाटेतच तीन व्होल्टच्या वर गळती होते. दिवा मंद दिसतो, मग माणूस मोठा बल्ब लावतो आणि बॅटरी आणखी लवकर उतरते. हॅलोजन हाताला चटका देण्याइतका तापतो, तो तणसाजवळ कधीच टांगू नये. बॅटरीच्या टोकाशी विडी ओढत वायरी जोडू नयेत, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने भडकतो.

दिवा झोपण्याच्या जागेवर टांगू नका, दहा-पंधरा पावले दूर टांगा. उजेडाला किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. खाट आणि मच्छरदाणी दोन्ही ठेवा. एक छोटी टॉर्च उशाशी असू द्या, रात्री उठताना पाय खाली टाकण्याआधी लावायची.

महाशिवरात्रीला ट्रॅक्टरने सहकुटुंब प्रतापगडच्या यात्रेला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे मुक्कामी स्वयंपाकाला दिवा लागतो, पोरे मोबाईल चार्जिंगला लावतात आणि परतीच्या सकाळी शेकडो गाड्यांच्या गर्दीत ट्रॅक्टर लोटायला जागा सापडत नाही. निघताना फवारणी पंपातली बॅटरी काढून, रात्रभर चार्ज करून भाकरीच्या गाठोड्याबरोबर ठेवावी. तिच्या दोन्ही टोकांवर रबराचा तुकडा बांधावा, म्हणजे ट्रॉलीतल्या विळ्या-पातेल्यांनी ती भिडणार नाहीत.