भाच्याची काळी बिअर

भाचा अमेरिकेहून येताना स्वतः गॅरेजमध्ये बनवलेल्या स्टाउटच्या दोन बाटल्या घेऊन आला. बदलापूरचा पाऊस आणि कांदाभजी होतीच...

रंग कोळशासारखा, वर तपकिरी फेस. पहिल्या घोटाला कोरी कॉफी, मग करपल्यासारखा कडूपणा, शेवटी किंचित गुळाचा भास. मोड आणून वाळवलेले जव (आपलं नाचणीसत्त्वच की!) आणि त्यात थोडे काळे होईस्तोवर भाजलेले. गरम पाण्यात भिजवून गोड रस काढायचा, हॉप्स घालून उकळायचा, निवला की यीस्ट. दोनेक आठवड्यांनी बाटलीत भरताना थोडी साखर, त्यानेच फेस येतो. भाचा अगदी रंगात येऊन सांगत होता.

तिकडे १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मुभा मिळाली. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर! विकायची मात्र नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय घरी बनवणं गुन्हा.

मला आमच्याकडे रानभाजी आणणारी वाडीवरची बाई आठवली. मोहाची गाळते म्हणून तिला पकडून नेलं होतं. हातभट्टीने घरं बुडाली, विषारी दारूने माणसं गेली, हे खरंच. कायदा उगाच नाही. पण आंबवणं, वासावरून ओळखणं, हे कसब तिचंही होतं. भाच्याचा तो छंद ठरला, तिचा गुन्हा.

भाच्याने विचारलं, "मावशी, ती कसं करायची गं?"

कुणी कधी विचारलंच नाही तिला.