होल्टरमनचे सोने आणि आमच्या पैठण्या

चरित्र हा साहित्यप्रकार शिकवताना आम्ही गेली काही वर्षे एका छायाचित्रापासून सुरुवात करीत आलो आहोत. छायाचित्रातील गृहस्थाचे नाव बर्नहार्ट ओटो होल्टरमन. जन्माने जर्मन, वास्तव्याने ऑस्ट्रेलियन, व्यवसायाने सोन्याच्या खाणीतील भागीदार. सुमारे पाच फूट उंचीच्या सुवर्णमिश्रित गारगोटीच्या प्रचंड पिंडावर हात टेकवून तो उभा आहे. मागे त्याच्या हवेलीचा व्हरांडा आहे. विद्यार्थ्यांना आम्ही विचारतो, की हे चित्र पाहून या माणसाविषयी काय सांगता येईल? उत्तरे ठरलेली असतात : श्रीमंती, अभिमान, यश. त्यानंतर आम्ही सांगतो, की चित्र काढले गेले तेव्हा तो पिंड अस्तित्वातच नव्हता. तीन निरनिराळी छायाचित्रे जोडून ते सिद्ध करण्यात आले आहे. होल्टरमनचा हात प्रत्यक्षात सोन्यावर नव्हता, तर त्या काळच्या स्टुडिओत माणसाचे डोके स्थिर राहावे म्हणून जो टेकू वापरीत असत, त्यावर होता.

या खोट्या चित्रामागील आयुष्य मात्र खरे आहे. होल्टरमनचा जन्म १८३८ साली हॅम्बुर्ग येथे झाला. सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी त्याने १८५८ मध्ये देश सोडला आणि तो सिडनीस पोहोचला. तेथे एका हॉटेलात नोकरी करीत असताना बेयर्स नावाच्या, त्याच्याप्रमाणेच परक्या मुलखातून आलेल्या तरुणाशी त्याची मैत्री जमली. दोघेही न्यू साउथ वेल्समधील हिल एंडच्या सुवर्णक्षेत्रात गेले. पुढची सुमारे दहा वर्षे हाती फारसे काही लागले नाही. पोटासाठी पडेल ते काम करावे लागले. सुरुंगाच्या दारूचा अवेळी स्फोट होऊन एकदा जिवावरही बेतले. २२ फेब्रुवारी १८६८ रोजी बॅथर्स्ट येथे या दोन मित्रांनी दोन सख्ख्या बहिणींशी विवाह केला. होल्टरमनची पत्नी हॅरिएट एमेट, बेयर्सची मेरी. खाणीतील भागीदारी अशा रीतीने सोयरिकीत परिणत झाली. परमुलखात ज्याला भाऊबंदकी नसते, त्याला ती जोडावी लागते.

१९ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री 'स्टार ऑफ होप' खाणीत तो पिंड सापडला. होल्टरमन खाणीचा व्यवस्थापक व भागीदार होता. पिंड प्रत्यक्ष काढणारे हात रात्रपाळीच्या कामगारांचे होते. वजन सुमारे २८६ किलो, त्यातील सोने अंदाजे ९३ किलो, म्हणजे आपल्या जुन्या मापाने आठ हजार तोळ्यांच्या आसपास. गारगोटीसह एकसंध सापडलेला सोन्याचा एवढा मोठा नमुना दुसरा ज्ञात नाही. त्याची किंमत सुमारे १२,००० पौंड धरण्यात आली होती. तो अखंड राहावा म्हणून होल्टरमनने त्यावर आणखी एक हजार पौंड देऊ केले. कंपनीने नकार दिला. पिंड फोडला गेला, दळला गेला, आटवला गेला. खिन्न होऊन होल्टरमनने १८७३ च्या फेब्रुवारीत कंपनी सोडली.

ही घटना आम्हांस त्याच्या आयुष्याचा मध्यबिंदू वाटते. सोने मिळवण्यासाठी ज्याने उमेदीची वर्षे वेचली, त्याला सोने मिळताच सोन्याहून वेगळे काहीतरी हवे होते. त्याला ती वस्तू हवी होती. कंपनीच्या दृष्टीने ती वस्तू म्हणजे सोन्याला चिकटलेला दगड होता.

त्यानंतर त्याने आपला पैसा छायाचित्रणात घातला. ब्यूफॉय मर्लिन नावाचा छायाचित्रकार चार्ल्स बेलिस या तरुण सहायकासह १८७२ मध्येच हिल एंडला आला होता. गावातील प्रत्येक घर, प्रत्येक दुकान आणि त्यासमोर उभी असलेली माणसे टिपायची, ही त्याची पद्धत. वसाहतीची ओळख जगाला व्हावी आणि नवे लोक येऊन वसावेत, या हेतूने होल्टरमनने त्याला मोठे काम दिले. १८७३ मध्ये मर्लिन वारला; बेलिसने काम पुढे नेले. १८७५ मध्ये होल्टरमनच्या सिडनीतील हवेलीच्या मनोऱ्यावरून त्यांनी बंदराचे विस्तीर्ण दृश्य टिपले. त्यासाठी वापरलेल्या काही काचा दीड मीटरहून रुंद होत्या. त्या काळी काचेवर रासायनिक लेप देऊन, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात ठेवावी लागे. हा खटाटोप ध्यानात घेतला, म्हणजे त्या आकाराच्या काचांचे धाडस कळते. या चित्रांना फिलाडेल्फिया (१८७६) व पॅरिस (१८७८) येथील प्रदर्शनांत पदके मिळाली. होल्टरमन १८८२ मध्ये विधिमंडळावर निवडून आला आणि २९ एप्रिल १८८५ रोजी, आपल्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी, मरण पावला. मागे पत्नी, तीन मुलगे व दोन मुली होत्या.

हिल एंडचे सोने तोवर ओसरले होते आणि गावही. काचा मात्र घराण्यात राहिल्या. १९५१ मध्ये कीस्ट बर्क या अभ्यासकाला चॅट्सवुड या सिडनीच्या उपनगरातील एका परसातल्या खोपटात सुमारे साडेतीन हजार निगेटिव्ह रचून ठेवलेल्या सापडल्या. पुढल्याच वर्षी होल्टरमनच्या नातवाने त्या राज्याच्या ग्रंथालयास दिल्या. आज त्या मोठ्या करून पाहिल्या, तर दुकानाच्या पाटीवरील अक्षरे वाचता येतात. दारात मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या कपड्यांवरील चुण्या दिसतात. काच खरवडून पुन्हा वापरता येते किंवा विकता येते. त्या कुटुंबाने पासष्टहून अधिक वर्षे ती जागा अडवू दिली, एवढेच त्यांचे कर्तृत्व. आमच्या मते ते लहान नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठवाड्याच्या काळ्या कातळात सोने नाही. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील रायचूर जिल्ह्यात हट्टीची खाण होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती आजच्या कर्नाटकाकडे गेली. आमच्या छत्रपती संभाजीनगरात सोने आहे ते सराफ्यात, दुकानांसमोरील धूळ गाळून कण वेचणाऱ्या झारेकऱ्यांच्या पाटीत, आणि एके काळी होते ते पैठणच्या मागावर. चांदीच्या तारेला सोन्याचा मुलामा देऊन केलेली जर जुन्या पैठण्यांच्या काठापदरांत असे. आणि म्हणूनच त्या पैठण्या जाळल्या गेल्या. जुनी जर विकत घेणारे लोक दारोदार फिरत. वस्त्र काट्यावर घालायचे, नंतर जाळायचे, राख मुशीत घालून धातू वेगळा करायचा. पदरावरचा मोर, कमळ, आसावली, विणकराने महिनोन् महिने खपून उभे केलेले सारे, त्या हिशेबात राखेतच जमा.

आमच्या आजीच्या लग्नातील पैठणी १९७२ च्या दुष्काळात अशीच गेली. होल्टरमनचा पिंड फुटला, त्याला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. त्या पैशातून घरात ज्वारी आली, आणि तो निर्णय योग्यच होता, हे आम्ही आजही म्हणू. जतन करणे हे पोट भरलेल्याचे काम आहे. होल्टरमनलाही ते श्रीमंत झाल्यावरच सुचले. परंतु त्या पैठणीविषयी घरात शिल्लक राहिलेली माहिती एकच आहे : तिची किती रक्कम आली. रंग कोणता होता, यावर आत्या आणि काका यांचे एकमत नाही. ती कोणी विणली, हे तर विचारण्याचीही सोय नाही. दुष्काळाने वस्त्र नेले, ते समजण्यासारखे आहे. त्याबरोबर वर्णनही जावे, अशी दुष्काळाची मागणी नव्हती.

आमच्या शहराची त्या काळची छायाचित्रे नाहीत असे नव्हे. लाला दीनदयाळ यांनी १८८० च्या दशकात मकबरा टिपला, वेरूळची लेणी टिपली. ती चित्रे देखणी आहेत. परंतु ती वास्तूंची चित्रे आहेत. ज्या अर्थाने मर्लिनने न्हाव्याला न्हाव्याच्या दुकानासमोर उभे केले, त्या अर्थाने हिमरू विणणारा कारागीर स्वतःच्या मागासमोर, आपल्या मुलाबाळांसह उभा असलेला त्यांत दिसत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे सारे मांडण्याचे कारण असे, की चरित्र वाचण्याची आपली प्रचलित रीत जर विकत घेणाऱ्याची आहे. परीक्षेच्या दृष्टीने चरित्राचे 'सार' हवे असते : जन्म, संघर्ष, यश, संदेश. तेवढे मुशीत उरले, की बाकीचे वस्त्र टाकून द्यावयाचे. होल्टरमनचे सार काढले, तर 'गरीब जर्मन तरुण कष्टाने श्रीमंत झाला' एवढे एक वाक्य उरते, आणि ते कोणत्याही सुवर्णशोधकाला लागू पडेल. दोन बहिणी, रात्रपाळीचे कामगार, हजार पौंडांचा नाकारला गेलेला देकार, टेकूवर ठेवलेला हात, परसातले खोपट, हे सगळे त्या वाक्याबाहेर राहते. चरित्रकाराचे खरे काम ते आत आणण्याचे असते. जोडचित्र खोटे आहे, हे उघड झाल्याने त्याचे मोल आमच्या लेखी कमी झाले नाही; गमावलेली वस्तू निदान चित्रात तरी आपल्या हाताखाली असावी, ही त्या माणसाची असोशी त्याच्या कोणत्याही अस्सल चित्रापेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते.

यंदा आम्ही वर्गाला निबंध सांगितलेला नाही. प्रत्येकाने घरातील एक जुने छायाचित्र आणावे, त्यातील प्रत्येक माणसाचे नाव, नाते आणि अंगावरच्या वस्त्राची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मागे पेन्सिलीने लिहावी, एवढेच काम दिले आहे. पैठणहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आणलेल्या छायाचित्रात सात माणसे आहेत. तिच्या आजोबांना पाच नावे आठवली. उरलेल्या दोघांसाठी ती या रविवारी आजोबांच्या थोरल्या बहिणीकडे जाणार आहे.