गाळणी आणि स्ट्रॉबेरी

मुलाच्या शाळेत करिअर डे होता. पालकांनी आपलं काम मुलांकडून हातांनी करून घ्यायचं. मी जीवशास्त्रातला पोस्टडॉक. घरची चहाची गाळणी आणि स्ट्रॉबेऱ्या घेऊन ॲन आर्बरमधल्या त्या तिसरीच्या वर्गात गेलो.

स्ट्रॉबेरी पिशवीत कुस्करायची, त्यात भांड्यांचा साबण आणि मीठ घातलेलं पाणी ओतायचं, गाळायचं, वरून गार अल्कोहोल सोडायचं. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे 2 संच, स्ट्रॉबेरीत 8; त्यामुळे डीएनए भरपूर, नुसत्या डोळ्यांनी पांढऱ्या तंतूंसारखा दिसतो.

माझ्या ग्लासात मात्र नुसतंच गुलाबी गढूळ पाणी. मी ओशाळलो. शेजारची मुलगी म्हणाली, "तुम्ही घाईनं ओतलंत, सगळं मिसळलं." तिनं कडेनं हळूहळू ओतलं. दोन थरांच्या मध्ये तंतू तरंगले. मग तिनं वहीत दोन्ही ग्लास शेजारी शेजारी काढले. माझाही, तितक्याच मन लावून.

साताऱ्याच्या माझ्या शाळेत प्रयोगवहीत निष्कर्ष आधीच उतरवलेला असायचा. प्रयोग फसला की मार्क गेले. ती धास्ती पीएचडीनंतरही सुटली नाही. फसलेला प्रयोग मी बॉसला आठवडा-आठवडा सांगत नाही.

निघताना तिनं विचारलं, "तुम्ही मोठेपणी कोण होणार?" माझं कंत्राट वर्षावर्षानं वाढतं, व्हिसा त्याच्या मागोमाग. म्हटलं, "अजून ठरलं नाही."

"माझंपण," ती म्हणाली.

सोमवारी बॉसच्या टेबलावर फसलेल्या प्रयोगाची वही उघडून ठेवली.