दर्या आणि दऱ्या

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस पाठभेद नवे नाहीत. लेखनिकाची नजर चुकते, ऐकणाऱ्याचा कान फसतो, आणि संहिता हळूहळू बदलत जाते. परंतु लेखनिकाचा हात न लागताही पाठभेद निर्माण होऊ शकतो, हे आम्हांस मांडव्यास कळले.

आमच्या अभ्यासिकेत तीन संगणक आहेत आणि तिन्ही युनिक्सच्या कुळातले: एकावर सोलारिस, दुसऱ्यावर फ्रीबीएसडी, तिसऱ्यावर लिनक्स. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ज्या प्रणालीचा आरंभ केला, तिचा हा गोतावळा. गोत एक असले तरी एकासाठी घडवलेली आज्ञावली दुसऱ्यावर सहसा चालत नाही. ती मूळ संहितेपासून प्रत्येकासाठी निराळी सिद्ध करावी लागते. शब्दकोश, फाँट, मजकुराच्या फाइली मात्र तिघांनाही सारख्याच वाचता येतात. म्हणून हा सामाईक भाग आम्ही एकाच संगणकावर ठेवला आणि सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली विकसित केलेल्या 'एनएफएस'द्वारे उरलेल्या दोघांस जोडून दिला. प्रत्येक आज्ञावलीची प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र कप्प्यात असते. चालू आवृत्तीकडे केवळ एक दुवा जातो. नवी आली की दुवा फिरवायचा, जुनी पुसायची नाही.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद होतात, वीजही जाते. मुख्य संगणक बंद पडला की बाकीचे दोघे त्याची वाट पाहत खोळंबून राहतात. वाटून घेण्यात अवलंबून राहणेही आलेच.

परंतु खरा पेच निराळाच निघाला. जुहूच्या 'एनसीएसटी'मध्ये सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'रघू' हा युनिकोड फाँट आम्ही तिघांस सामाईक दिला होता. तरीही एका लेखातील 'डोंगरदऱ्या' एका पडद्यावर 'डोंगरदर्या' झाल्या! मराठीचा हा अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. आमच्या लेखात दुसरी रीत होती, आणि त्या यंत्रावरची अक्षरे जुळवणारी आज्ञावली इतकी जुनी होती की तिने ते चिन्ह जुमानलेच नाही. फाँट सामाईक होता, वाचन स्थानिक होते. आणि दऱ्यांचा दर्या झाला.

नव्या आवृत्तीने तो दोष गेला, प्रश्न मात्र उरला. दोन्ही रीतींचे शब्द डोळ्यांना एकच दिसतात, पण साध्या शोधात एक टाकला तर दुसरा सापडत नाही. एखाद्या कवीच्या शब्दांची वारंवारिता मोजणाऱ्या विद्यार्थ्याचा निष्कर्ष अशा ठिकाणी नकळत चुकेल, आणि तो चूक कवीच्या शैलीत शोधत बसेल.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत प्रत्येक पाठभेदाखाली तो कोणत्या पोथीतला, हे खुणेने नोंदलेले आहे. आम्हीही आता प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर यंत्र, आज्ञावली आणि आवृत्ती लिहून ठेवतो. पोथी कोणाच्या हातची, हे विचारणाऱ्या अभ्यासकाने ती कोणत्या यंत्रावर वाचली, हेही विचारलेच पाहिजे.